काकू, नागफणी नको, आणि करंट तर मुळीच नको

प्रश्न: राजेंद्र नगरात आमचं कॉर्नरचं घर आहे. मागे गल्ली, आणि बाऊंड्री वॉल जेमतेम चार फूट. मी ६६ वर्षांची, हे ७१, मुलगा-सून बंगलोरला. त्रास असा की भिंतीवरून कोणीही आत येतं. पहाटे पाचला फुलं न्यायला लोक येतात, संध्याकाळी पोरं बॉलसाठी उड्या मारतात, आणि दिवाळीनंतर एका रात्री मागच्या अंगणातले दोन पितळी नळ कोणीतरी काढून नेले, सकाळपर्यंत टाकी रिकामी. मला वाटतं सगळीकडून नागफणी लावून टाकावी, परत पाय ठेवायची हिंमत नाही झाली पाहिजे. हे म्हणतात भिंतीवर काचा लावू नाहीतर तारेत थोडासा करंट सोडू. मुलगा म्हणतो कॅमेरे लाव. ह्यांना शुगर आहे, आणि उन्हाळ्यात नातू येतात, एक ५ वर्षांचा, एक ८. मागच्या वर्षी ह्यांनी पारिजातकाची गल्लीकडची फांदी पण छाटली, तरी फरक नाही, उलट जास्तच येतात. झाड तोडूनच टाकू का? नक्की काय लावू ते सांगा.
एक त्रासलेली वाचक, इंदूर

उत्तर: काकू, तुमचं पत्र वाचताना आधी थोडी लाजच वाटली, कारण पहाटे दुसऱ्याच्या कंपाऊंडमध्ये हात घालून जास्वंद तोडणाऱ्यांत कॉलेजच्या दिवसांत मी पण होते, आईला गणपतीला लाल फूलच हवं असायचं आणि आम्ही राहायचो दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. त्यामुळे फुलवाल्यांबद्दल मी जरा मऊ आहे हे आधीच सांगून ठेवते. नळवाल्याबद्दल नाही.

पण सगळ्यात आधी काकांचं बघू, कारण ते घाईचं आहे. तारेत करंट नाही म्हणजे नाही. घरच्या लाइनमध्ये "थोडासा" करंट असा प्रकारच नसतो हो, बोर्डातून वायर ओढली की ते २३० व्होल्ट, आणि पावसात भिंत ओली असताना तो चोराला लागतोय की झाडू मारणाऱ्या ताईंना की तुमच्या आठ वर्षांच्या नातवाला हे तार बघत नाही. ह्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, १९६३ चा, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार सरकार. शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली म्हणून ती माणसं ह्या ग्रेगरीच्या संडासात जायला लागली, ह्यानं दोन-चारदा सांगून पाहिलं, ऐकेनात, मग ह्यानं वाटेवर उघडी तार ताणली आणि तिच्यात करंट सोडला, शेजारची एक बाई त्या तारेला चिकटून मेली. तो म्हणत राहिला की ती माझ्या जागेत न विचारता घुसली होती. कोर्टानं त्याची शिक्षा कायम ठेवली. माणूस न विचारता आत आला म्हणून त्याला मुद्दाम इजा होईल असा सापळा तुम्ही लावू शकत नाही. काकांना हा पॅरा वाचून दाखवा, चहाच्या आधी.

आणि कायद्याचं निघालंच आहे तर हेही सांगते, घुसखोरी हा गुन्हा आहे, पूर्वी आयपीसीत कलम ४४१ आणि ४४७ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. पण त्यात हेतू लागतो, म्हणजे काही गुन्हा करायला किंवा धमकवायला, अपमान करायला, त्रास द्यायला आत आला तर. नळ काढून नेणारा त्यात पक्का बसतो. बॉल घ्यायला आलेला दहा वर्षांचा पोरगा बसत नाही, तुम्हाला कितीही त्रास होत असला तरी.

काचांबद्दल. जुन्या इंदुरात बाटल्यांच्या काचा रोवलेल्या भिंती खूप दिसतात अजून, पण त्या चोराला फारसं काही करत नाहीत, तो भिंतीवर एक गोणपाट टाकतो आणि येतो. भिंतीची रुंदी किती, नऊ इंच. नऊ इंचांवर गोणपाट पुरतं. हे नीट लक्षात घ्या कारण माझं सगळं उत्तर ह्याच्यावरच आहे: अडवणारी गोष्ट किती टोकदार आहे ह्याला तेवढं महत्त्व नाही, ती किती रुंद आहे आणि कुठे आहे ह्याला आहे. चार फूट रुंद करवंदाच्या जाळीवर टाकायला कोणी गोणपाट घेऊन फिरत नाही.

आता तुमची नागफणी. काकू, नागफणी म्हणजे आपला फड्या निवडुंग, त्याचे मोठे काटे दिसतात ते बिचारे प्रामाणिक आहेत, दिसतात आणि टोचतात, काढले की झालं. खरा त्रास त्या फडीवर जे बारीक ठिपके असतात ना त्यांच्यात असतो, प्रत्येक ठिपक्यात केसांपेक्षा बारीक काट्यांचा पुंजका, पिवळट मखमलीसारखा दिसतो, आणि प्रत्येक केसाला उलटं कुसळ. मी एकदा एक कुंडी हलवली, शहाणपणानं वर्तमानपत्र गुंडाळून हलवली, आणि तरी संध्याकाळपर्यंत तळहात आणि मनगट चावायला लागलं, बघायला जावं तर काही दिसत नाही, उन्हात तिरका धरला की मग सोनेरी कुसळं चमकायची. दोन दिवस पोळी लाटता येईना. साबणानं धुतलं की अजून आत जातात, चोळलं की तुटतात. शेवटी चिमट्यानं जेवढी निघाली तेवढी काढली, मग वर फेविकॉलचा थर देऊन वाळवला आणि सोलून काढला, तेव्हा कुठे बरं वाटलं. त्या फडीला लाल जांभळं बोंड येतं, दिसायला एकदम छान, त्याच्यावर पण हीच कुसळं असतात, आणि तुमच्या पाच वर्षांच्या नातवाचा हात चोराच्या आधी तिथे जाणार ह्यावर मी पैज लावते. शिवाय तुटलेली फडी जिथे पडते तिथे मूळ धरते, एक-दोन पावसाळे गेले की काढता काढता नाकी नऊ येतील.

थोर पण नको, शेर पण नको. दोन्हींचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याची आग होऊन काही काळ दिसेनासं होऊ शकतं, आणि छाटताना तो चीक उडतोच. घायपात दिसते रुबाबदार, पण तिच्या पानाचं टोक म्हणजे सुई, आणि ती सुई बरोबर लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर. कोणाकडे आधीच असेल तर पानांची टोकं कात्रीनं अर्धा इंच उडवा, झाडाला काही होत नाही. वेडी बाभूळ तर कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. सागरगोट्याचं नाव आठवलं होतं मला, काय आकडे असतात त्याला, कपडे सोडत नाही, पण ती जंगली वेल आहे, प्लॉटमध्ये लावली तर घर शोधायला लागेल.

मग लावायचं काय. मागच्या भिंतीला करवंद. नर्सरीत "करवंद" मागितलंत तर माळी बघत राहील, इथे "करौंदा" म्हणायचं. आणि कोकणातलं काळं, उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात मिळणारं ते डोंगरी करवंद डोक्यात ठेवू नका, इथलं ते हिरवं-गुलाबी, आंबट, पावसाळ्यात भाजीबाजारात येतं आणि लोणच्यात नाहीतर मिरचीबरोबर परतायला जातं, तेच. बारा महिने हिरवं राहतं, एकदा रुळलं की पाणी फार मागत नाही, फूल पांढरं, जुईच्या घरातलं वाटावं असं वासाचं. काटा एक-दीड इंचाचा, कडक, जोडीनं येतो आणि बऱ्याचदा टोकाला गलोलीच्या बेचक्यासारखा दुभंगलेला, त्यामुळे कापड अडकलं की सरळ मागे ओढून निघत नाही, थांबून सोडवावं लागतं. आपल्याला तेच हवंय. माणूस थांबला, कुरकुरला, फांद्या हलल्या, शेजारचं कुत्रं भुंकलं, बास.

कारण काटेरी बागड (इथे माळव्यात कुंपणाच्या झाडांना बागडच म्हणतात, मलाही आता तोच शब्द तोंडात बसलाय) कोणाला पूर्ण अडवत नाही. इंग्रजांनी करून बघितलंय हे. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून त्यांनी सिंधूपासून पार ओडिशापर्यंत जकातीची एक रेघच ओढली होती, लांबी २,३०० मैलांच्या वर, आग्रा, झाशी, होशंगाबाद करत आपल्या खंडव्यावरून जायची. आधी वाळक्या काट्यांचा ढीग लावायचे, तो वाळवी खायची, आगीत जायचा, म्हणून मग जिवंत झाडं लावली, बाभूळ, बोर, करवंद, नागफणी, थोर, जिथली माती जे घेईल ते. ए. ओ. ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेत वाचतो, ते १८६७ ते १८७० त्या खात्याचे कमिशनर होते आणि जमीन तपासून कुठे कुठलं झाड जगेल ह्याच्या मागे लागले होते. चांगली वाढली होती तिथे ती बागड बारा फूट उंच होती म्हणतात. एवढं सगळं करून राखणीला माणसं किती, तर बारा हजारांच्या आसपास, आणि तरी मीठ इकडचं तिकडे जायचंच, लोक गोण्या वरून फेकायचे. १८७९ मध्ये सगळं बंद केलं. सांगायचा मुद्दा, बारा फुटी बागडीला बारा हजार माणसं लागली, तर तुमच्या बागडीला पण कोणीतरी बघणारं लागणार, त्यावर येते.

लावायचं कसं ते नीट वाचा कारण मी पहिल्यांदा चुकलेय. जुलैत हौसेनं बारा रोपं आणली, काळ्या मातीत सरळ फूट-फूट खड्डे केले, शेणखत घातलं, लावली. आपली काळी माती कशी आहे माहितीये ना, पाणी पडलं की फुगते आणि धरून बसते, त्या वर्षी आठवडाभर झड लागली आणि माझे बाराही खड्डे म्हणजे बारा बादल्या झाल्या. पाच रोपं मुळाशी कुजली, पानं पिवळी पडून एकेक गळाली, आणि मी वेडी, पाणी कमी पडतंय वाटून अजून घालत होते. दुसऱ्या वर्षी माळीदादांनी सांगितलं तसं केलं, भिंतीपासून दीड फूट सोडून सलग चर काढला, दीड फूट रुंद तेवढाच खोल, निघालेल्या मातीत निम्मा मुरूम आणि दोन-तीन घमेली शेणखत मिसळून परत भरला आणि वर वीतभर उंच वरंबा ठेवला की पाणी दोन्हीकडे ओघळून जाईल. त्यातलं एकही गेलं नाही. तुमच्याकडे जागा असेल तर दोन ओळी करा, रोप-रोपात दोन फूट, दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोघांच्या मध्ये येईल असं नागमोडी. म्हणजे चाळीस फुटांच्या भिंतीला चाळीस-बेचाळीस रोपं लागतील. मोठी रोपं घ्यायचा मोह होतो, नका घेऊ, पिशवीतलं वर्षभराचं रोप लवकर रुजतं आणि स्वस्त पडतं. आणि आधी बघून घ्या ड्रेनेजची लाइन त्या भिंतीलगत तर नाही ना, असेल तर चर आत सरकवा.

रोप फूटभर झालं की शेंडा खुडायचा. जीव होत नाही, मला माहितीये, पण खुडला नाही तर ते काठीसारखं वर जातं आणि खाली मोकळं राहतं, आणि त्या मोकळ्यातून आधी कुत्री येतात मग माणसं. खुडल्यावर खालून फुटवे येतात, ते फूटभर झाले की परत. नंतर छाटताना खाली रुंद वर अरुंद असा आकार ठेवा, वर रुंद केलं तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या वाळतात. फळं हवी असतील तर एक टोकाचं झाड न छाटता सोडून द्या, बाकीच्यांना फळं कमीच येणार. कमरेइतकी दाट बागड व्हायला तीन वर्षं धरून चाला, पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी द्या. पहिल्या वर्षी काडीएवढी रोपं बघून काका म्हणतील हे काय चोर अडवणार, त्यांना म्हणावं थांबा.

तोवर भिंतीवर बोगनवेल. ती दोन वर्षांत भिंत झाकते, फक्त तिला दिवसाला पाच-सहा तास सरळ ऊन पाहिजे, आणि पाणी बेताचं, लाडानं रोज पाणी घातलं तर पानांचं रान होतं आणि रंग येत नाही. रंग म्हणजे फुलं नव्हेतच ती, रंगीत कागदासारखी पानंच, फूल आत असतं बारीकसं पांढरं. ती स्वतः भिंतीला धरत नाही हे लोक विसरतात, तार ओढून बांधावी लागते, नाहीतर एका वादळात सगळी गल्लीत. आणि गल्लीकडे लोंबू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते, तिचा काटा आकड्यासारखा वळलेला असतो आणि रात्री गल्लीतून बाइकवर जाणाऱ्याच्या डोळ्याशी येतो. भिंतीच्या वर आणि आतल्या बाजूला ठेवा. बोगनवेलीचा कचरा पण उडतो खूप, आणि इंदुरात गल्लीत कचरा दिसला तर शेजारी चोरापेक्षा लवकर येतात.

खिडक्यांखाली काटेकोरांटी लावा, पिवळ्या फुलांची. तीन फुटांच्या वर फारशी जात नाही, पानांच्या बेचक्यात तीन-चार काटे, आणि पावसाळा संपला की फुलते, पूजेला पण चालते. कोपऱ्यात एखादी कुंडी युफोर्बियाची ठेवायची तर ठेवा, ते लाल-गुलाबी फुलांचं काटेरी, बारमाही फुलतं, पण त्याला पण चीक आहे, नातवांच्या हाताशी नको.

समोरच्या बाजूला मात्र काटे बिटे काही नको आणि उंच तर काहीच नको. समोर झाडं वाढवून घर झाकलं की बाहेरच्याला आतलं दिसत नाही, म्हणजे आत शिरलेला माणूस निवांत. समोरची बागड कमरेच्या खाली ठेवा, की समोरच्या ओटल्यावर संध्याकाळी बसणाऱ्या आज्जींना तुमचं गेट दिसेल. ह्यूम साहेबांची बारा हजार माणसं म्हणजे आपल्याकडे ह्या आज्जीच.

आता नळवाला. त्याला झाडांनी तीन वर्षांनी अडवाल, तोवर काय? पितळी नळ परत लावू नका, प्लॅस्टिकचे लावा, ते कोणी चोरत नाही. टाकीच्या खाली एक वॉल्व बसवून घ्या आणि रात्री बंद करून झोपा, म्हणजे नळ गेला तरी पाणी तरी राहील. मागच्या अंगणात भिंतीलगत दोन फुटांचा पट्टा गिट्टीचा टाका, बारीक नाही, पाऊण इंची, तिच्यावरून चालताना आवाज न करता येत नाही, मांजर गेली तरी मला कळतं. चराची जागा सोडून टाका अर्थात. आणि एक दिवा हालचाल झाली की पेटणारा. मुलाचं कॅमेऱ्याचं म्हणणं चूक नाहीये, एक बसवा मागच्या बाजूला, चार नको, बंगलोरला बसून तो चार कॅमेरे बघत बसेल आणि दर मांजरीला तुम्हाला फोन करेल.

काकांना शुगर आहे म्हणून हे वेगळं सांगते. छाटणी त्यांनी करायची नाही. करायचीच असेल तर चपलेत नाही, बुटात, आणि हातात बागेचे ते कापडी ग्लोव्हज नाही, हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगचे चामड्याचे मिळतात ते. माझ्या स्लीपरच्या तळातून बोगनवेलीचा काटा आरपार आलाय, वाळलेली फांदी होती, दिसली पण नाही. पायाला संवेदना कमी असेल तर काटा लागलेला कळतच नाही आणि दोन दिवसांनी पाय सुजलेला दिसतो, म्हणून छाटणीच्या दिवशी रात्री तळवे बघायचे. काटा मोडला तर साबण-पाण्यानं धुवायचं, पूर्ण निघालाय ना बघायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं आठवायचं, आठवत नसेल तर डॉक्टरकडे जाऊन विचारायचं. सांध्याजवळ काटा लागला आणि सूज आठवडाभरात गेली नाही तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा की काटा लागला होता, कारण झाडाचा काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही आणि मग संधिवाताची औषधं चालू होतात.

छाटलेले काटे गोणीत भरून निगमच्या गाडीत टाकू नका. २०१७ पासून स्वच्छतेत आपला नंबर लागतोय तो ज्यांच्या हातांनी लागतोय ते हात त्या गोणीत जातात. सुतळीनं मोळी बांधा, काटे बाहेर दिसू देत, आणि गाडीवाल्या दादांना आधी सांगा की काटे आहेत. भिंतीवर पण एक पाटी लावा, हिंदीतच लावा, "कांटेदार पौधे हैं, दीवार न फांदें". पाटीनं चोर थांबत नाही, पण उद्या कोणी भांडायला आलं तर तुम्ही सांगितलं होतं हे राहतं.

पोरांसाठी काटे नकोत. करवंदाच्या जाळीत बॉल गेला तर पोरगा बॉल सोडून जाईल असं वाटतं का तुम्हाला? तो हात घालणार, मग डोकं घालणार, आणि मग त्याची आई तुमच्या दारात. त्यांच्यातल्या मोठ्या पोराला बोलवा, तो कोण आहे ते गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, आणि ठरवून टाका, बॉल आत आला तर गेटची बेल वाजवायची, एकदाच, आणि दुपारी दोन ते चार बेल वाजवायची नाही, त्या वेळात आलेला बॉल चारनंतर मिळेल. आमच्याकडे असंच चालतं. अधूनमधून एखादा "आंटी, बस एक बार" करत भिंतीवर चढतो, त्याला त्या दिवशी बॉल नाही. एक जुना झारा लांब काठीला बांधून ठेवलाय मी, जाळीतला बॉल काढायला, तो पण पोरांनीच बांधून दिला.

राहिला पारिजातक. काकू, तुम्हीच लिहिलंय की मागच्या वर्षी काकांनी गल्लीकडची फांदी छाटली आणि उलट जास्त लोक यायला लागले. अहो मग काय होणार! पारिजातकाची फुलं कोणी झाडावरची तोडत नाही, खाली पडलेली वेचतात, जमिनीवरचं असलं तरी देवाला चालतं असं हे फूल. फांदी गल्लीवर होती तेव्हा निम्मा सडा गल्लीत पडायचा, लोक तिथेच वाकून वेचायचे आणि जायचे, तुम्हाला कळायचं पण नाही. आता सगळा सडा आत पडतो, तर वेचायला आतच यावं लागतं. झाड तोडू नका. ती फांदी परत गल्लीकडे जाऊ द्या, आतल्या बाजूची छाटा हवं तर, आणि त्या टोकाला भिंतीलगत करवंद पण नको, तिथली चार-पाच फूट जागा सोडून द्या. ऑगस्टपासून फुलं लागली की रात्री झोपताना गल्लीत त्या फांदीखाली एक जुनी सुती साडी अंथरून ठेवा, फुलं धुळीत पडत नाहीत. सकाळी साडी झटकून आत आणायची, आधी तुमच्या देवापुरती ओंजळभर काढून घेऊन. पहिले काही दिवस साडीच जाईल की काय अशी धाकधूक होते, म्हणून फाटकीच घ्या, माझी एक गेलीच होती.